शेजाऱ्याची हांक

गांवांत आग लागली म्हणजे शेजारचा मनुष्य हातचें काम टाकून धांवून येतो, हा आपल्याकडील जुना शिरस्ता आहे. परंतु धांवून येणें निराळें आणि उपयोगी पडणें निराळें. शेजाऱ्यानें आणलेला दोर आमच्या रहाटास बसत नसेल, तर केवळ त्याच्या सद्भावनेनें आग विझावी कशी? हाच प्रश्न आज मोठमोठ्या शहरांपुढें बिनतारी यंत्राच्या रूपानें उभा आहे. पोलीस, बंबवाले आणि रुग्णवाहिका हीं तिन्ही दलें एकाच जागीं धांवतात. प्रत्येकाच्या हातांत उत्तम यंत्र असतें. आणि तरीहि एकाचा शब्द दुसऱ्यास ऐकूं जात नाहीं. यांत दोष यंत्राचा थोडा व आधीं न केलेल्या विचारविनिमयाचा फार आहे, असें आमचें मत आहे.

असें कां व्हावें, हें समजण्यास अवघड नाहीं. रेडिओचा कांटा ज्या केंद्रावर लावावा, तेंच केंद्र ऐकूं येतें. शेजारचें केंद्र कितीहि मोठ्यानें बोलत असलें तरी आपल्या खोलीत शांतताच असते. बिनतारी यंत्रांचेंहि तसेंच आहे. एका दलाच्या लहरी एका पट्ट्यांतल्या, दुसऱ्याच्या दुसऱ्या पट्ट्यांतल्या. एकाचें यंत्र जुन्या रीतीनें आवाज पाठवितें, तर दुसऱ्याचें तोच आवाज अंकांत रूपांतरित करून पाठवितें. त्यांतून शब्द ऐकूं आलाच, तरी तो समजेल याची खात्री नाहीं. अमेरिकेंतील पोलिसांनीं वेळ वाचावा म्हणून सांकेतिक आंकडे योजले. परंतु एका गांवीं ज्या आंकड्याचा अर्थ एक, त्याचाच शेजारच्या गांवीं निराळा! अखेर, अनेक दलें एकत्र काम करीत असतां साध्या भाषेंतच बोलावें, असें तेथील मध्यवर्ती सरकारला सांगावें लागलें.

हा रोग बिनतारी यंत्राहूनहि जुना आहे. सन १९०४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ७ तारखेस, रविवारीं, अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत भयंकर आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांहून बंब मदतीस आले. परंतु त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या तोट्यांस बसेनात! रस्त्यांत पाणी होतें, माणसें होतीं, धैर्यहि होतें. नव्हतें तें एक माप. आग ३० तासांहून अधिक काळ जळत राहिली आणि १,५०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्यानंतर लवकरच नळ्यांच्या जोडांचें राष्ट्रीय माप ठरलें. परंतु माप ठरणें आणि तें पाळलें जाणें यांत फार अंतर असतें. सन १९९१ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील ओकलंडच्या टेंकड्यांवर वणवा पेटला, तेव्हां तेथील तोट्या ३ इंची आणि बाहेरून आलेल्या बंबांच्या नळ्या अडीच इंची होत्या. त्या दिवशीं २५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. म्हणजे ८७ वर्षांनींहि धडा अपुराच राहिला होता.

नळीच्या आट्यांची जी गोष्ट, तीच शब्दांची. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्कच्या दोन उत्तुंग मनोऱ्यांवर विमानें आदळविण्यांत आलीं. सकाळीं ९ वाजून ५९ मिनिटांनीं दक्षिणेकडील मनोरा कोसळला. उत्तरेकडील १० वाजून २८ मिनिटांनीं. मध्यें २९ मिनिटें होतीं. पोलिसांचीं हेलिकॉप्टरें आकाशांत घिरट्या घालीत होतीं. पहिला मनोरा पडलेला त्यांना दिसला होता, आणि दुसराहि फार काळ टिकणार नाहीं, हा इशारा त्यांनीं थोड्याच मिनिटांत आपल्या लहरींवर दिला. पोलिसांनीं तो ऐकला. बंबखात्याच्या लहरी निराळ्या होत्या. उत्तर मनोऱ्यांतील बंबवाल्यांच्या अधिकाऱ्यांनीं आपल्या माणसांस खालीं येण्याचा हुकूम दिला खरा, परंतु शेजारचा मनोरा नाहींसा झाला आहे, हें तो देणारांसच ठाऊक नव्हतें! कित्येकांस हुकूम ऐकूं आला नाहीं. कित्येकांनीं ऐकला, पण त्यांतली निकड त्यांना कळली नाहीं. त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या बंबखात्याचे ३४३ लोक कामीं आले.

सारा दोष यंत्रावर लादणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. सन १९९३ मध्यें त्याच इमारतींत स्फोट झाल्यावर बंबवाल्यांचा आवाज वरच्या मजल्यांपर्यंत पोंचावा म्हणून तेथें एक साहाय्यक यंत्र बसविलें होतें. २००१ च्या त्या सकाळीं त्याची एक कळ दाबली गेली, दुसरी दाबली गेली नाहीं. आणि उत्तर मनोऱ्यांतील अधिकाऱ्यांनीं तें बिघडलेलें समजून सोडून दिलें. शिवाय दोन्ही खात्यांचे प्रमुख निरनिराळ्या जागीं उभे राहून आपापल्या माणसांस हुकूम देत होते. ते एकाच ठिकाणीं खांद्यास खांदा लावून उभे असते, तर आकाशांतून आलेली वार्ता एका तोंडून दुसऱ्या कानीं जाण्यास बिनतारी यंत्राचीहि गरज पडली नसती.

येथें कोणी म्हणेल, मग सर्वांना एकाच लहरीवर आणा म्हणजे झालें. आम्हांस हें मान्य नाहीं. शंभर माणसें एकदम बोलूं लागलीं, तर तो संदेश नव्हे, तो बाजार होतो. प्रत्येक दलाची नित्याची वाट निराळीच असावी. परंतु संकटकाळासाठीं सर्वांस ठाऊक असलेल्या दोनचार सामाईक वाटा राखून ठेवाव्या, त्यांवर साध्या भाषेंत बोलावें, सर्व प्रमुखांनीं एका जागीं बसावें, आणि या सर्वांची तालीम वर्षांतून कांहीं वेळां तरी व्हावी. अमेरिकेनें संकटनिवारक दलांसाठीं देशभर स्वतंत्र लहरी राखून ठेवण्याचा कायदा केला, तो सन २०१२ मध्यें. मनोरे पडल्यावर दहा वर्षांनीं! तहान लागल्यावर विहीर खणणें म्हणतात तें हेंच.

आपल्याकडे आतां ११२ या एकाच क्रमांकावरून पोलीस, बंब व रुग्णवाहिका यांची मदत मागतां येते. ही गोष्ट खरोखर अभिनंदनीय आहे. परंतु हा क्रमांक नागरिकास दलाशीं जोडतो. दलास दलाशीं जोडण्याचें काम त्याहून निराळें आहे. महाराष्ट्रांत महानगरपालिकांचे बंब निराळे, औद्योगिक वसाहतींचे निराळे. मोठी आग लागली कीं शेजारच्या शहरांतून कुमक मागविली जाते. ती येऊन पोंचल्यावर तिची नळी आमच्या तोटीस बसेल काय, आणि तिचा शब्द आमच्या कानीं पडेल काय, हें आग लागण्यापूर्वींच कोणीतरी विचारलें पाहिजे. पालकहो, नगरपालिकेचे सभासद मतें मागण्यास दारीं येतात, तेव्हां नव्या बंबाबरोबर हाहि प्रश्न त्यांना विचारावा, अशी आमची विनंती आहे. नवा बंब मिरवणुकीत दिसतो. जुळलेले आटे दिसत नाहींत, म्हणूनच त्यांची आठवण कोणी करून द्यावी लागते.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां पोलीस अधिकारी होईल, कोणी बंबखात्यांत जाईल, कोणी यंत्रें बनवील. नवें यंत्र विकत घेण्याचा कागद तुमच्यापुढें सहीस येईल, तेव्हां सही करण्यापूर्वीं शेजारच्या गांवास एक पत्र लिहा: “आम्ही हें घेत आहों; तुमच्याशीं तें बोलेल ना?” त्या पत्रास खर्च फार थोडा येतो. तें न लिहिल्यानें काय गमवावें लागतें, हें बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क यांनीं आपणांस दाखवून दिलें आहे.