आधी भोके बुजवा, मग पिंजरा लावा

घरातल्या उंदरांचा बंदोबस्त त्यांच्या वाटा बंद करण्यापासून सुरू होतो. घरउंदराला आत शिरायला जेमतेम 6 मिलिमीटरची फट पुरते. मोरीचा पाइप, एसीच्या नळीचे भोक आणि दाराखालची फट या त्याच्या नेहमीच्या वाटा. तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या आणि भिंतीच्या कडेने उमटलेला तेलकट पट्टा यांवरून त्याचा माग लागतो. भोकांत तारेची घासणी कोंबून वर सिमेंट भरावे. कापडाचा बोळा तो सहज कुरतडतो. धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे, खरकटे रात्रभर ओट्यावर राहू देऊ नये. मग पिंजरे भिंतीला लागून लावावेत, कारण उंदीर कडेकडेनेच फिरतो. आमिषाला भजे किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा चालतो. मादी गाभण राहिल्यावर सुमारे 3 आठवड्यांत विते आणि एका वेळी साधारण 5-6 पिल्ले देते, म्हणून एका पिंजऱ्याने भागत नाही. विष खाल्लेला उंदीर माळ्यावर कुठेतरी मरतो आणि घरभर घाण वास सुटतो. शिवाय लहान मुलांना व पाळीव मांजरांना त्या विषाचा धोका असतोच. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, आधी जंतुनाशकाने भिजवून मगच पुसाव्यात.