तिला एकटीला जाऊ द्या



गेल्या नोव्हेंबरात तुर्भ्याच्या वस्तीतली एक मुलगी आमच्याकडे रक्तदाब मोजायला आली. वय तेवीस, एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगचं काम. रक्तदाब ठीक होता. तरी उठेना. मग हळूच म्हणाली, "ताई, पंचवीस डिसेंबरला महाडला जायचंय. सायकलवर. हायवेने नाही, आतल्या कच्च्या रस्त्यांनी. चार दिवस लागतील. आणि एकटी जायचंय."

आम्ही पहिल्या झटक्यात "नाही" म्हटलं. रात्री कुठे झोपशील? साप चावला तर? कोणी अडवलं तर? तिच्या आईचं कारण वेगळं होतं. "सायकल कशाला? लोक म्हणतील, भाड्याला पैसे नव्हते म्हणून पोरीला सायकलवर धाडली." मंडळाची मुलं म्हणाली, "आपला टेम्पो जातोच आहे महाडला, त्यात बस की."

तिघांनाही तिची काळजीच होती. पण तिघांच्याही बोलण्यात भीती होती. ही भीती आपल्या मुलींच्या अंगात लहानपणापासून मुरते, आणि अंगात मुरलेली गोष्ट हा आरोग्याचाच विषय आहे. म्हणून या पानावर हे लिहितो आहोत.

आधी सायकलीचं बोलू. पहाटे पाम बीच रोडवर जा. हेल्मेट घालून, महागड्या सायकलींवर लोक व्यायामाला निघालेले दिसतात. त्याच वेळी आपल्या वस्तीतूनही सायकली निघतात, पण त्या पाववाल्याच्या, भंगारवाल्याच्या, पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या. सायकल आपल्याकडे गरजेची वस्तू आहे, मौजेची नाही. पैसे आले की आपण ती विकतो आणि हप्त्यावर स्कूटर घेतो. मग चाळिशीत गुडघे धरतात, साखर वाढते, रक्तदाबाची गोळी लागते. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" असं बायका विचारतात. पॅकिंगच्या टेबलापाशी दहा तास उभं राहिलं की पाय सुजतात, शिरा फुगतात, कंबर मोडते. पण हृदय आणि फुप्फुसं बळकट होतील असा सलग हालता श्रम त्यात नसतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. रोज अर्धा तास सायकल, आठवड्यातले पाच दिवस, एवढ्यात ते भागतं.

आता एकटीने जाण्याचं. प्रवास आपल्या समाजाला कधीच सोपा नव्हता. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ-भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली, तसा कोणी गाडीवान त्यांना बसवून घेईना. दुप्पट भाडं देऊन, बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर गाडी मिळाली. डब्यात खायला होतं, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही. पोरं रात्रभर तशीच राहिली.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यातल्या तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा यांनी, १९२८ मध्ये तो प्रवास पुरा केला. त्याच १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. कागदावर पाणी खुलं झालं, प्रत्यक्षात नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं. मुंबईचे ते तरुण तेव्हा अजून परमुलखात सायकल चालवत होते आणि आपली माणसं कोकणातल्या एका तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी मार खात होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. ही पोर निघाली होती ती या दिवसासाठी.

अलीकडचं उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं. २०१८ साली, वयाच्या विशीत, तिने सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवत जगाची फेरी केली, त्यातला बराच प्रवास एकटीने. तिच्या हिमतीला आमचा सलाम. पण आपल्या मुलीपुढे आणखी एक प्रश्न असतो. गावात कोणी आडनाव विचारलं तर काय सांगायचं?

तिने आम्हाला हाच प्रश्न विचारला. आम्ही म्हटलं, खरं सांग. आणि मग लक्षात आलं की "खरं सांग" म्हणताना आपण तिचं जाणं मान्य करून बसलो आहोत.

आणखी एका गोष्टीने आमचा विरोध ढिला पडला. भगवान बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना धम्म सांगायला पाठवलं तेव्हा एका वाटेने दोघांनी जाऊ नका, असं बजावलं होतं. चारिका ही अशी एकट्याने करायची होती. महाडच्या वेशीवरची गांधारपाले लेणी आणि पालीजवळची ठाणाळे लेणी या मुलखातल्या भिक्खूंच्या पायवाटा दाखवतात. वंदनेला बसताना आपण त्यांचं नाव घेतो आणि पोरगी त्याच वाटेने निघाली की दार लावतो. हे बरं नाही.

तर मग "नाही" म्हणण्याऐवजी आम्ही तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.६ निघालं. बाईचं ते १२ च्या वर हवं. आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या सुरू करून घेतल्या, आणि गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही हे चार वेळा बजावलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ती रोज कामावर सायकलने जाऊ लागली. रविवारी सामान बांधून खारघरच्या चढावर सराव. सायकल जुनी, गिअरची, सेकंडहँड. टायर जाड घातले. ओझं पाठीवर घ्यायचं नाही, ते हँडलला, दांडीला आणि सीटमागे घट्ट बांधायचं. शहरात याला बाईकपॅकिंग म्हणतात. तिने जुन्या छत्रीच्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या.

२२ डिसेंबरला ती निघाली. पनवेल सोडल्यावर शक्यतो महामार्ग टाळला. शेताच्या बांधावरून, कालव्याकाठाने, लाल मातीच्या वाटांनी दिवसाला चाळीसेक किलोमीटर. कच्च्या वाटेवर एवढंच होतं, जास्तीची हाव धरू नये. पहिली रात्र पेणकडच्या एका बौद्धवाडीतल्या विहारात. दुसऱ्या दिवशी ठाणाळे लेणी पाहून खालच्या आदिवासी वाडीत मुक्काम. तिथल्या आजीने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली, पैसे घेतले नाहीत. तिसरी रात्र माणगावजवळ, एका मावशीच्या ओळखीच्या घरी.

एका गावात मात्र वेगळं घडलं. तिने पाणी मागितलं. घरातल्या बाईने हसून तांब्या भरून आणला. "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" हिने खरं सांगितलं. बाई काही वाईट बोलली नाही. हातातला तांब्या तिने पुढे न करता ओट्यावर ठेवला आणि आत गेली. पोरगी सांगते, "ताई, मी तांब्याकडे पाहत राहिले. मग सायकलच्या बाटलीतलं माझं पाणी प्यायले आणि निघाले. पुढच्या चढावर रडू आलं, पण पाय थांबले नाहीत."

२५ तारखेला दुपारी ती चवदार तळ्यावर पोहोचली. परतीला मंडळाच्याच टेम्पोत सायकलसकट बसली. वाटेत त्या मुलांनी तिला शंभर प्रश्न विचारले म्हणे.

तिला पाहून आणखी तिघींनी विचारायला सुरुवात केली आहे. म्हणून तयारीच्या चार गोष्टी इथेच सांगतो.

पाण्याची सगळ्यात आधी. आपल्या बायका बाहेर पडताना पाणी कमी पितात, कारण लघवीला जायला जागा नसते. त्यातून लघवीची जळजळ, संसर्ग, चक्कर. सायकलवर हे चालणार नाही. तहान लागायची वाट न पाहता घोटघोट पीत राहायचं. लघवी फिकट पिवळी हवी. गडद झाली तर पाणी कमी पडतं आहे. ओआरएसची पाकिटं जवळ ठेवावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. दुपारी बारा ते तीन सावलीत थांबायचं.

साप आणि विंचू. कोकणात फुरसं, घोणस, नाग, मण्यार चारही आहेत. जमिनीवर उघडं झोपायचं नाही. खाट मिळाली तर उत्तम, मच्छरदाणी तर हवीच. सकाळी बूट झटकून घालायचे. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही, भगताकडे जायचं नाही. हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना. १०८ ला फोन. विंचू चावून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तरीही तसंच. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर याच महाडचे. एका ग्रामीण भागातल्या डॉक्टरचं हे काम जगाने मानलं. जीव वाचतो तो औषधाने, मंत्राने नाही.

पाळी आली म्हणून जायचं थांबू नये. पॅड चार-सहा तासांनी बदलावा, सुती कपडे घालावेत, मांड्यांना घासलं तर रोज धुऊन कोरडं करून खोबरेल लावावं. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं, गोळ्या दोन दिवसांच्या जास्त घ्याव्यात, आणि साखर उतरली तर खायला खिशात गूळ ठेवावा. पंप, पॅच, जास्तीची ट्यूब हवीच. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घरी एक फोन. मुक्कामाची जागा अंधार पडायच्या दोन तास आधी पक्की करायची.

आणि वस्तीचं काम? प्रत्येक मंडळाने १४ एप्रिलच्या डीजेचं एका रात्रीचं भाडं वाचवून दोन-तीन जुन्या गिअरच्या सायकली घ्याव्यात आणि विहारात ठेवाव्यात. ज्या मुलीला शिकायची आहे तिला मिळाव्यात, ज्या बाईची साखर वाढली आहे तिलाही. वाटेवरच्या विहारांची आणि बौद्धवाड्यांची यादी, फोन नंबरांसह, विहाराच्या भिंतीवर लावावी. म्हणजे पुढच्या मुलीला कोणाच्या दारात उभं राहून आडनाव सांगण्याआधी एक हक्काचं दार माहीत असेल.

धोका नाहीच, असं आम्ही म्हणत नाही. एकट्या मुलीला धोका आहे, आणि आपल्या मुलीला थोडा जास्त आहे. पण घरी बसूनही आम्ही बायकांना रक्तक्षय, साखर आणि धास्ती यांनी झिजताना पाहिलं आहे. त्याची कोणी बातमी करत नाही.

परवा तिची आई भेटली. म्हणाली, "पोरगी पुढच्या वर्षी रायगड चढून मग महाडला जाते म्हणते." आम्ही विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?" ती हसली. "म्हटलं, आधी ताईंकडे जाऊन रक्त तपासून ये."

जयभीम.