एक कप्पा तुमच्या नावाचा

दसरा जवळ आला, घर आवरायला काढलं, की माळ्यावरून एखादा पत्र्याचा डबा हमखास खाली येतो. धूळ झटकून झाकण उघडावं तर आत काय काय सापडतं! काड्यापेटीची चित्रं, बसची जुनी तिकिटं, परदेशी पोस्टाचे स्टँप, पेपरातली कात्रणं. आणि घरातलं कुणी ऐंशी-नव्वदच्या दशकात शाळेत असेल, तर च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं. तेव्हा 'बिग फन'च्या च्युइंगमपायी कितीतरी पोरांनी दात किडवून घेतले. गोडी च्युइंगमची नव्हतीच, चित्रांची होती.

आता खरी गंमत पुढे आहे. हा डबा घरातल्या पुरुषाचा निघाला, तर सगळे कौतुकाने म्हणतात, "त्याला पहिल्यापासून छंद हो!" तोच डबा सुनेचा निघाला, तर सूर बदलतो.

"अगं, हे कागद कशाला साठवलेस? कसर लागेल, ती कपड्यांना पण खाईल."

"असू द्या ना आई, माझे शाळेपासूनचे आहेत."

"शाळा संपून वीस वर्षं झाली की गं!"

डबा एकच, पण त्याचा असला की छंद आणि तिचा असला की पसारा. मैत्रिणींनो, मला आज या पसाऱ्याची बाजू घ्यायची आहे.

खेळाडूंची चित्रं जमवण्याचं वेड काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ आहे. आपल्याकडे क्रिकेट, तसं तिकडे ते. या खेळाडूंची पुठ्ठ्याची कार्डं शंभराहून जास्त वर्षं निघताहेत. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याची माहिती आणि कामगिरी. आधी ती सिगारेटच्या पाकिटात मिळत, पुढे च्युइंगमबरोबर मिळू लागली. १९५२ साली 'टॉप्स' या कंपनीने मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड काढलं. त्या मालिकेतली बरीच खोकी विकलीच गेली नाहीत. वखारीत जागा अडते म्हणून १९६० मध्ये कंपनीने ती होडीतून नेऊन चक्क समुद्रात बुडवली. आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याच मँटलचं एक उत्तम राखलेलं कार्ड लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. आपल्या हिशेबात सुमारे शंभर कोटी रुपये!

अमेरिकेत या कार्डांबद्दल घरोघरी एक तक्रार ऐकू येते. "माझ्याकडे पण होती सगळी कार्डं, पण आईने टाकून दिली." बघा, सात समुद्रापलीकडेही खापर आईच्याच डोक्यावर! पण या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे. घरातलं काय ठेवायचं आणि काय रद्दीत घालायचं, हे बहुतेक घरांत बाई ठरवते. मुलांचे बाळदात, सासऱ्यांच्या पेन्शनची कागदपत्रं, नवऱ्याच्या गाडीची पावती, पहिलीतलं प्रगतिपुस्तक, सगळं तिच्या हाताखालून जातं. अख्ख्या घराच्या आठवणी राखणाऱ्या या बाईला विचारा, "यात तुमचं स्वतःचं काय आहे?" तर क्षणभर तिला उत्तर सुचत नाही.

संग्रह म्हटलं की आपल्याला राजेरजवाडे आठवतात. ते चुकीचंही नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात औंधला यमाईच्या डोंगरावर संग्रहालय आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेली राजा रविवर्म्यांची आणि इतर चित्रं तिथे बघायला मिळतात. १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उभारलं. तुम्ही म्हणाल, राजांना काय, वाडे होते, पैसा होता. बरं, मग पुण्याचं केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकर काही राजे नव्हते, त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने हा संग्रह वाढत गेला आणि त्यात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. १९७५ मध्ये केळकरांनी तो महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला.

आणि तिथे आहे काय? अडकित्ते, दिवे, करंडे, फण्या, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. म्हणजे आपल्याच आज्या-पणज्यांच्या हातातल्या वस्तू. घरात होत्या तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं. मोड म्हणून भंगारात गेल्या असत्या. त्या जपल्या गेल्या, त्यांच्यापुढे माहितीची पाटी लागली, आणि आज आपण तिकीट काढून त्या बघायला जातो.

मला वाटतं, पसारा आणि संग्रह यांतला फरक इथे कळतो. सगळंच ठेवलं तर तो पसारा. निवडून ठेवलं, कुठून आलं, कधी आलं ते लिहून ठेवलं, तर तो संग्रह. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पिशव्या कोंबून ठेवणं म्हणजे छंद नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण निवडायला वेळ लागतो, जागा लागते, चार पैसे लागतात. आपल्या संसारात गाडी अडते ती इथेच.

अमेरिकेत जेफरसन बर्डिक नावाचा एक संग्राहक होऊन गेला. कारखान्यात काम करणारा साधा माणूस, संधिवाताने हात वाकडे झालेले. त्याने तीन लाखांहून जास्त छापील कार्डं आणि चित्रं जमवली आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयाला देऊन टाकली. १९६३ साली तो वारला. थोरच माणूस! पण त्याने लग्न केलं नव्हतं. रात्री दोनला उठून कुणाचा ताप बघायचा नव्हता, की पहाटे पाण्याच्या नळाला नंबर लावायचा नव्हता. आपलं गणित वेगळं आहे. म्हणून आपला छंद संसाराच्या मापाने बेतायला हवा.

पहिली जागा. एक कप्पा मागून घ्या. कपाटातला एकच, पण तुमच्या नावाचा. त्यात इस्त्रीचे कपडे नकोत, मुलांच्या वह्या नकोत. दुसरा पैसा. महिन्याच्या हिशेबाच्या वहीत दूध, गॅस, विजेचं बिल लिहितो ना, त्याखाली 'छंद' असा एक रकाना घाला. पन्नास रुपये असोत की शंभर. डाळीच्या डब्यात चोरून ठेवलेल्या पैशांतून केलेला छंद बाईला कायम अपराधी वाटतो. उघडपणे लिहिलेले पन्नास रुपये त्याहून बरे. तिसरा वेळ. आठवड्यातून एक दुपार, घड्याळी तासभर. त्या तासात दार वाजलं तर दुसऱ्या कुणीतरी उघडावं. घर बुडत नाही.

नवऱ्यांनाही एक सांगणं आहे. कौतुक करता आलं नाही तरी चालेल, थट्टा करू नका. "आमच्या बाईसाहेबांची रद्दी" हा विनोद पाहुण्यांपुढे दहाव्यांदा ऐकताना ती हसते खरी, पण हळूहळू तो कप्पा उघडायचं सोडून देते.

पेपरातल्या खेळाडूंची कात्रणं कापून कुणाचं काय भलं होणार, असंही कुणी विचारेल. सांगलीचंच उदाहरण देते. स्मृती मानधना लहानाची मोठी झाली ती सांगलीत. तिचा भाऊ आधी क्रिकेट खेळायचा. त्याचं नाव पेपरात यायचं, ती कात्रणं घरात जपली जायची. आपणही अशा धावा काढाव्यात असं आपल्याला तेव्हा वाटलं, असं तिने मुलाखतीत सांगितलं आहे. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, त्या संघाची ती उपकर्णधार होती. कात्रणामुळे विश्वचषक मिळाला असं मी म्हणत नाही. पण घरात काय कापून ठेवलं जातं, हे लहान मूल बघत असतं एवढं नक्की.

आता उलट बाजू बघा. आपल्या बायकांचा संघ विश्वचषकात पहिल्यांदा खेळला १९७८ साली, तोही भारतातच. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या किती मुलींच्या डब्यात त्यातल्या एखाद्या खेळाडूचं चित्र निघेल? च्युइंगमबरोबर मिळायचे ते गावस्कर, कपिल, सचिन. मुलींनी जमवलं ते मुलांच्या खेळाचं. बायकांचं चित्र छापलंच गेलं नाही, तर जमवणार कुठून?

म्हणून जे छापून येतं ते आपण ठेवायला हवं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. मोठ्या शहरातला पेपर चार दिवस बातमी देतो आणि पुढे जातो. पण आपल्या गावच्या पानावर तिच्या आईचे दोन शब्द येतात, सरावाच्या जागेचा फोटो येतो, शाळेतल्या सत्काराची चार ओळींची बातमी येते. ते दुसरं कोण ठेवणार? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढून स्वागत केलं, पण अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. एवढ्या मोठ्या पैलवानाला जग विसरतं, तर शाळेच्या खो-खो संघातल्या तुमच्या लेकीला कोण लक्षात ठेवणार? ते काम घरातच व्हायचं.

दुकानात मिळत नसतील तर कार्डं घरी करा. पत्त्यापेक्षा थोडा मोठा पुठ्ठा घ्या, पुढे फोटो, मागे नाव, गाव, स्पर्धा, तारीख. मुलांना हाताशी घ्या. सुट्टीतल्या दुपारी मोबाईल आपोआप बाजूला राहतो. मुलीचं अक्षरही सुधारतं आणि "ही कोण?" या प्रश्नातून गप्पा सुरू होतात.

जपायचं कसं, तेही सांगते. पेपरचा कागद उन्हाने आणि हवेने पिवळा पडून तुकडे होतात. म्हणून महत्त्वाच्या कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवावी. सेलोटेप लावू नये, तिचे डाग पडतात. पारदर्शक कप्प्यांची फाईल मिळते, ती बरी. साताऱ्याकडच्या पावसात कपाट भिंतीला टेकवू नका, ओल कागदापर्यंत पोचते. पाऊस संपला की फाईल एकदा मोकळ्या हवेत, पण सावलीत, उघडून ठेवा.

सांगलीकर मैत्रिणींना तर वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. नगर वाचनालयाच्या पुस्तकांचं त्या पुरात मोठं नुकसान झालं. मग घरांतले अल्बम, पत्रं, फायली यांचं काय झालं असेल? पाणी उतरल्यावर पंचनाम्यात फ्रिज लिहिला जातो, टीव्ही लिहिला जातो. चिखलात लगदा झालेली आठवणींची फाईल कोणत्याच रकान्यात बसत नाही. म्हणून नदीकाठच्या घरांत हा कप्पा सगळ्यात वरचा असावा, आणि प्रत्येक कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून गावाबाहेरच्या बहिणीला पाठवून ठेवावा.

एक सावधगिरीची गोष्टही बोलायलाच हवी. शंभर कोटींचा आकडा वाचून कुणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, तर ते आवरा. लाखो कार्डं रद्दीत गेली, तेव्हा कुठे एखाद्याला अशी किंमत आली. विकून पैसे मिळतील म्हणून कुणी महागडी कार्डं गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हणा. भिशीचे पैसे, मुलांच्या फीचे पैसे या नादात अजिबात घालू नका. आणि जमवणं इतकंही वाढू देऊ नका की घरातल्या माणसांना बसायला जागा उरणार नाही. कप्पा भरला की नवं घेण्याआधी जुन्यातलं एक कुणाला तरी देऊन टाकायचं, हा नियम चांगला.

पण या सगळ्या मर्यादा पाळूनही तो कप्पा हवाच. वर्षानुवर्षं आपण दुसऱ्यांच्या वस्तू जागच्या जागी ठेवतो. "माझा मोजा कुठाय?" पासून "माझा दाखला कुठाय?" पर्यंत सगळ्यांची उत्तरं आपल्याकडे असतात. तेव्हा या दसऱ्याला कपाट आवराल, तेव्हा सगळ्यात आधी एक कप्पा रिकामा करा. दारावर छोटी चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर आपलं नाव लिहा. 'आईचं सामान' नव्हे, 'वहिनींचं' नव्हे. स्वतःचं, शाळेच्या हजेरीपटावर होतं ते.