भाड्याचा मुकुट

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यातील पुष्कळ घरांत एक नवी चिंता उत्पन्न होते. मुलगा शिवाजी झाला, मुलगी जिजाबाई झाली, म्हणून आईबापांस आनंद व्हावा. परंतु तो आनंद पुरता होण्यापूर्वीच पोशाखाचा प्रश्न दारात उभा राहतो. शहरातील दुकानातून एका दिवसाच्या भाड्याने पोशाख आणावयाचा, वर अनामत ठेवावयाची, आणि दुसरे दिवशी कोठे काठ उसवला, कोठे मणी गळले, याचा जाब देत बसावयाचे. आमचे मत स्पष्ट आहे. शाळेच्या रंगभूमीवर भाड्याचा पोशाख येऊच नये. मुकुट, दाढी, ढाल, तलवार हे सारे घरी तयार व्हावे.

हे मत आम्हांस एका चुकीने दिले, आणि ती चूक आमचीच होती. कित्येक वर्षांपूर्वी एका संमेलनातील नाटक बसविण्याचे काम आमच्याकडे होते. जिजाबाईच्या भूमिकेसाठी निवडलेली मुलगी मोठ्या खणखणीत आवाजाची होती. चार तालमी उत्तम झाल्या, आणि पाचव्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "गुरुजी, मला काम नको." आम्ही तिला भित्री समजलो व भूमिका दुसरीस दिली. कारण मागाहून कळले. तिचे आईबाप दिवाळीपूर्वीच ऊसतोडीस गेले होते. घरी एकटी आजी. तिच्यापाशी भाड्याच्या पैशांची गोष्ट काढण्याचे त्या पोरीस धैर्य झाले नाही. संमेलनाच्या दिवशी ती आजी प्रेक्षकांत बसली होती. अंगावर जुने नऊवारी लुगडे, डोईवरून घेतलेला पदर, ताठ बैठक. रंगभूमीवरची जिजाबाई मात्र नकली रेशमाच्या झगमगाटात आणि टिकल्यांच्या कमरपट्ट्यात अवघडून उभी होती. आजीचे लुगडे नातीस नेसविले असते तर दमडीही लागती ना, आणि सोंग शतपटीने खरे दिसते. हे आम्हांस त्या वेळी सुचले नाही, याची टोचणी अजून आहे.

सोंग खरे कशाने होते, हे आपल्या मुलखास कोणी शिकवावयास नको. गोदावरीकाठच्या पैठणास सोळाव्या शतकात एकनाथमहाराजांनी भारुडे रचिली. त्यांतून वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, बहिरा अशी नित्य भेटणारी माणसे उभी केली. ती सोंगे आणणाऱ्यांपाशी जरतारी कपडे कोठून असणार? एक घोंगडी, एक काठी, थोडी राख एवढ्यावर काम भागे. दारी येणारा बहुरूपी पाहा. पोलिसाचे सोंग घेतो तेव्हा त्याची खाकी विटलेली आणि पट्टा जुनाट असतो. परंतु त्याची चाल, त्याचा दरडावणीचा सूर आणि काखेतील कागदांचे भेंडोळे पाहून लहान मुले खरोखरच घरात पळतात. त्याने पोलीस नीट पाहिलेला असतो, ही त्याची विद्या. भाड्याचा पोशाख घेणाऱ्या मुलास काहीच पाहावे लागत नाही, आणि आमचा मोठा आक्षेप हाच आहे. पगडी स्वतः बांधावयाची म्हटले म्हणजे जुनी चित्रे उलगडून पाहावी लागतात आणि आजोबांस चार प्रश्न विचारावे लागतात.

मोठ्या शहरांतील तरुण हल्ली चित्रकथांतील पात्रांची सोंगे घेऊन मेळावे भरवितात. त्यास कॉसप्ले म्हणतात. कॉस्ट्यूम आणि प्ले हे दोन इंग्रजी शब्द जोडून जपानी लोकांनी तो शब्द रूढ केला. तेथेही आपल्या हातांनी पुठ्ठा कापून चिलखत करणाऱ्यास विकतचा पोशाख घालणाऱ्याहून अधिक मान मिळतो. तेव्हा घरी केलेले ते गावंढळ, असे म्हणणाऱ्या पालकांनी क्षणभर थांबावे.

आता कृतीविषयी थोडे. मुकुटास जुन्या वह्यांचे पुठ्ठे व लग्नपत्रिका पुरतात. डोक्याचे माप दोऱ्याने घ्यावे व जोडासाठी दोन बोटे जास्त धरावी. मुकुट फार उंच करू नये. मान वाकताच तो पडतो आणि राजाची फजिती होते. बेगड केवळ कडेस लावावी. सर्वांगास लावलेली बेगड दिव्याच्या उजेडात डोळ्यांवर येते व मुलाचा चेहरा दिसेनासा होतो. तलवारीसाठी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये तुराटी घालावी, म्हणजे पाते वाकत नाही. टोक मात्र बोथट ठेवावे. जुन्या दुरडीच्या पाठीस कागद चिकटविला की ढाल झाली. दाढी अंबाडीच्या वाखाची अथवा कापसाची करावी, पण ती गालास डिंकाने न चिकटविता फडक्यावर शिवून कानामागे बांधावी.

राक्षसाच्या मुखवट्याकडे अधिक लक्ष पुरवावे लागते. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात देवदैत्यांचे मुखवटे नाचवितात. त्यांत लाकडाचे असतात तसे कागदाच्या लगद्याचेही असतात. घरी करावयाचा तर चेहऱ्याएवढे मडके पालथे घालून त्यास तेलाचा हात फिरवावा. वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचा पहिला थर नुसत्या पाण्याने बसवावा, खळ लावू नये. लावल्यास मुखवटा मडके सोडीत नाही. पुढील सहासात थर कणकेच्या खळीने, एक आडवा व एक उभा, असे द्यावे. सावलीत दोनतीन दिवस वाळू द्यावे. घाईने उन्हात ठेवलेला मुखवटा वेडावाकडा होतो. वाळल्यावर नाकभुवया लगद्याने उठवाव्या, डोळ्यांची भोके मोठी ठेवावी, आणि पांढरा हात देऊन मग रंग द्यावा. वासुदेवाच्या टोपीस मोरपिसे हवीत म्हणून कोणी नायगावच्या मयूर अभयारण्यात पिसे वेचावयास जाऊ नये. तो कायद्याने गुन्हा आहे. कागदाचे पीस कापून रंगविले तरी तिसऱ्या रांगेपासून कोणास भेद कळत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आईबापांस वेळ कोठे आहे? ज्या घरातील माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, त्यांस डिसेंबरात मुकुट करा म्हणणे ही थट्टाच होय. दोष येथे शाळांकडे येतो. भूमिकांची वाटणी आम्ही नाताळच्या तोंडावर करतो. ती दसऱ्यापूर्वी करावी. मग जाणारी आई निघण्यापूर्वी एखादे फडके टाचून देईल, बाप तुराट्या तासून ठेवील, आणि संमेलनात ती दोघे नसली तरी त्यांच्या हातचे काही पोराच्या अंगावर असेल. ज्यांस तेवढीही सवड नाही त्यांच्या मुलांसाठी दर शनिवारी एक तास शाळेतच खळ शिजवावी. उत्कृष्ट पोशाखाचे बक्षीस असल्यास ते विकतच्या पोशाखास देऊ नये.

आणि संमेलन संपले की हे सामान उकिरड्यावर जाऊ नये. शाळेत एक पत्र्याची पेटी असावी. मुखवटे कोरड्या फडक्यात गुंडाळून, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावे, आणि प्रत्येकाच्या आतल्या बाजूस करणाऱ्याचे नाव व वर्ष लिहावे.