अरबी समुद्रातले तेल आणि आपल्या ट्रॅक्टरचे डिझेल



सोयाबीनची मळणी आटोपली, हरभऱ्याच्या पेरण्या सुरू झाल्या आणि गावोगावी पुन्हा तोच हिशेब मांडला जातोय. रोटाव्हेटरचे एकरी किती, पेरणीचे किती, थ्रेशरवाल्याने पोत्यामागे किती घेतले. चिखली आणि मेहकर तालुक्यांत शेतावर गेलो की विषय कीड-रोगावरून सुरू होतो आणि डिझेलवर येऊन थांबतो. त्याला एक नवीन जोड मिळाली आहे. १५ ऑगस्ट २०२५ च्या भाषणात पंतप्रधानांनी खोल समुद्रात तेल शोधण्याची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. त्यामुळे बरेच जण विचारतात, "सर, आपलेच तेल निघायला लागले तर डिझेल उतरेल ना?"

तेल शोधायलाच हवे, याबद्दल माझे दुमत नाही. पण त्याने तुमच्या ट्रॅक्टरच्या टाकीतले डिझेल स्वस्त होणार नाही. ते स्वस्त करायचे असेल तर मागणी दुसरीकडे करावी लागेल.

आधी विहिरींबद्दल. बोअर घेतलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. काळ्या पाषाणात तीनशे-चारशे फूट जायचे, फुटावर पैसे मोजायचे, पाणी लागले तर लागले. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी लागूनही ते पिकाला चालत नाही. तेलाची विहीर हाच जुगार आहे, फक्त खोली किलोमीटरमध्ये आणि खर्च कोटींमध्ये. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजावरून बॉम्बे हायचे तेल लागले. उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले. ऐंशीच्या दशकात तिथून दिवसाला चार लाख पिंपांहून जास्त तेल निघत होते. आज ते दीड लाखाच्या आत आहे. जुन्या विहिरीचा दाब कमी होतो, तेलाबरोबर पाणी जास्त येऊ लागते. उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक मदतीला घेतले आहे.

देशाचे चित्र तसेच आहे. २०११-१२ मध्ये आपण सुमारे ३.८ कोटी टन कच्चे तेल काढत होतो, आता २.९ कोटी टनांच्या आसपास आहोत. आयात मात्र २४ कोटी टनांच्या घरात गेली आहे. २०१५ मध्ये सरकारने २०२२ पर्यंत आयातीवरचे अवलंबन दहा टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले होते. ते कमी होण्याऐवजी वाढले आणि आता ८५ टक्क्यांच्याही पुढे आहे. नवीन क्षेत्र सापडले तरी शोधापासून उत्पादनापर्यंत कित्येक वर्षे जातात.

आता समजा, नशिबाने मोठा साठा सापडला. तरी भाव का उतरणार नाही?

तुमच्या सोयाबीनचेच घ्या. खामगावच्या बाजार समितीत भाव ठरतो तेव्हा त्यामागे अर्जेंटिना-ब्राझीलचे पीक, शिकागोचा वायदा, पेंडेची निर्यात हे सगळे असते. तुमचे सोयाबीन चिखलीच्या वावरात पिकले म्हणून गावातल्या तेल गिरणीवाल्याला तुम्ही क्विंटलमागे हजार रुपये कमी घेता का? नाही घेत, आणि घेऊही नये. ओएनजीसीही तेच करते. समुद्रातून काढलेले तेल ती जागतिक भावाशी जोडूनच रिफायनरीला विकते. ऑक्टोबर २०२२ पासून देशी उत्पादकांना आपले कच्चे तेल देशातल्या कुणालाही विकण्याची मोकळीक आहे. पुढे रिफायनरीच्या दारात डिझेलचा भाव काढतानाही बाहेरून आणले असते तर काय पडले असते, हाच हिशेब मुख्य असतो. बुलडाण्यातल्या पंपावरचे डिझेल ज्या कच्च्या तेलापासून बनले ते आखातातले की मुंबईजवळचे, याने तुमच्या बिलात फरक पडत नाही.

याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे भाव भडकले तेव्हा देशी तेल कंपन्यांना, काढणीचा खर्च तोच असताना, जादा पैसे मिळू लागले. १ जुलै २०२२ रोजी केंद्राने त्यांच्यावर टनामागे २३,२५० रुपयांचा विशेष कर लावला आणि तो मागे-पुढे करत डिसेंबर २०२४ पर्यंत चालवला. देशी तेल देशात स्वस्त विकले जात असते तर हा कर लावायची गरजच पडली नसती.

अमेरिकेतही 'खोदा आणि स्वस्त करा' ही घोषणा २००८ पासून ऐकू येते. तो देश आज जगात सर्वात जास्त तेल काढतो. तरी जून २०२२ मध्ये तिथे पेट्रोल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेले होते.

मग खोदून मिळते काय? परकीय चलन वाचते, युद्धाच्या वेळी पुरवठ्याचा थोडा आधार राहतो, सरकारला उपकर आणि स्वामित्वधन मिळते. शेतीशी खरा संबंध येतो तो तेलाच्या जोडीने निघणाऱ्या वायूचा. अलिबागजवळच्या थळ येथील आरसीएफचा युरिया प्रकल्प बॉम्बे हायच्या वायूच्या भरवशावरच उभा राहिला. देशी वायू वाढला तर युरियासाठी महागडा द्रवरूप वायू कमी आणावा लागेल. पण युरियाची ४५ किलोची गोणी तुम्हाला आजही २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि तेव्हाही तेवढ्यालाच मिळेल. वाचेल ते सरकारचे अनुदान.

डिझेलच्या बिलाकडे परत येऊ. कच्च्या तेलाचा भाव पडला की आपल्याला काय मिळते, हे २०२० मध्ये स्पष्ट दिसले. टाळेबंदीत तेल पिंपाला वीस डॉलरपर्यंत कोसळले. केंद्राने मार्चमध्ये तीन रुपये आणि मे महिन्यात तेरा रुपये असा डिझेलवरचा उत्पादन शुल्काचा बोजा वाढवून तो लिटरला ३१.८३ रुपयांवर नेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा आणि मे २०२२ मध्ये सहा रुपये कमी केले. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दोन वाढवले. म्हणजे तेव्हा १७.८० रुपये केंद्राचे झाले. त्यावर राज्याचा २१ टक्के व्हॅट, आणि तो केंद्राचे शुल्क धरून आलेल्या रकमेवर लागतो, म्हणजे करावरही कर. २०२५ मध्ये नव्वदीच्या डिझेलमध्ये दोन्ही सरकारांचे मिळून लिटरमागे तीस रुपयांहून जास्त जात होते. विहीर कितीही खोल खणली तरी हा कर त्यातून बाहेर येत नाही.

इथे कोरडवाहू शेतकऱ्याची खरी तक्रार आहे, आणि ती फारशी कुणी मांडत नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे. ज्याच्याकडे विहीर आणि मोटार आहे त्याचे ऊर्जेचे बिल माफ झाले. चांगलेच झाले. पण आपल्या जिल्ह्यात सोयाबीन-तूर-कपाशी पावसावर घेणारा जो मोठा वर्ग आहे, त्याच्याकडे पंपच नाही. त्याच्या शेतात लागणारी ऊर्जा म्हणजे ट्रॅक्टरचे डिझेल, आणि त्यावर तो पूर्ण कर भरतो.

शेजारचे उदाहरण बघा. याच राज्यात यांत्रिक नौका चालवणाऱ्या मच्छीमारांना सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो. २०२५ मध्ये सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. मच्छीमाराला शेतकऱ्यासारख्या सवलती मिळणार असतील तर शेतकऱ्याला मच्छीमाराचा डिझेल परतावा का नको? बिहारमध्ये पाऊस दगा देतो तेव्हा सिंचनाच्या डिझेलवर लिटरला ७५ रुपयांपर्यंत अनुदान दिले गेले आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

अडचण एकच आहे. आपल्याकडे बहुतेकांचा ट्रॅक्टर भाड्याचा. परतावा लिटरवर दिला तर तो ट्रॅक्टर मालकाला जाईल, आणि तो दर कमी करेल यावर माझा विश्वास नाही. २०२१ मध्ये डिझेल वाढले तेव्हा एकरी दर लगेच चढले होते. मे २०२२ मध्ये डिझेल उतरले, पण मी फिरतो त्या गावांत दर जागचे हलले नाहीत. (मालकांची बाजूही आहे. हप्ते, सुटे भाग, चालकाचा पगार वाढला. तरी.) म्हणून परतावा एकरावर आणि थेट शेतकऱ्याच्या खात्यात यायला हवा. फार्मर आयडी आहे, ई-पीक पाहणीत पिकाखालचे क्षेत्र आहे. नवीन कागदपत्र काहीच लागत नाही.

रक्कम किती होईल? मध्यम ट्रॅक्टर कामावर असताना तासाला साधारण चार ते सहा लिटर पितो. सोयाबीन आणि त्यावर हरभरा अशा एका एकराला नांगरट, रोटा, दोन पेरण्या, मळणी मिळून वर्षाला पंचवीसेक लिटर धरले तर फक्त राज्याचा व्हॅट पावणेचारशे रुपयांच्या आसपास होतो. पाच एकराला दोन हजारांच्या जवळ, म्हणजे पीएम किसानच्या एका हप्त्याएवढे. २०२५-२६ च्या हंगामात ५,३२८ रुपये हमीभावाच्या सोयाबीनला बाजारात क्विंटलमागे पाचशे-हजार कमी मिळाले त्यापुढे ही रक्कम लहान आहे, हे मान्य. पण तो भाव व्यापारी आणि जग ठरवते. हा कर मात्र मुंबईत आणि दिल्लीत बसून ठरतो.

परतावा मिळेपर्यंत हातात आहे ते करा. सोयाबीननंतरच्या हरभऱ्याला खोल नांगरट लागत नाही. ओल असेल आणि तण कमी असेल तर एका रोटाव्हेटरवर किंवा वखरणीवर पेरा. खोल नांगरट दोन-तीन वर्षांतून एकदा, उन्हाळ्यात पुरेशी आहे. शेजारच्या तीन-चार जणांचे वावर एकाच दिवशी काढले तर ट्रॅक्टरची ये-जा वाचते आणि दरही बोलता येतो.

आणि एक मोजमाप नक्की घ्या. मी वर पंचवीस लिटर म्हटले तो अंदाज आहे. हलक्या बरड रानात कमी लागेल, काळ्या चिबड जमिनीत जास्त. कामाला सुरुवात करण्याआधी टाकी काठोकाठ भरा, काम झाल्यावर सपाट जागी उभा करून पुन्हा काठोकाठ भरा. दुसऱ्यांदा जेवढे लिटर बसले तेवढे लागले. भाग एकर, काम आणि जमीन असे तीन रकाने वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत एकरी परताव्याचा ठराव मांडाल तेव्हा तलाठी असो की आमदार, पहिला प्रश्न हाच विचारणार की एकराला डिझेल लागते किती.