सॉफ्टवेअर बदलले, पण आत्याचा आवाज कुठे ठेवला?

पूर्वी गाणे रेकॉर्ड करायचे म्हणजे शहरात जाऊन स्टुडिओ तासावर भाड्याने घ्यावा लागे. ढोलकीवाला चुकला की पैसे गेलेच म्हणून समजा. आता तसे राहिले नाही. एक बरा माईक, माईकची वायर कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस, कानाला हेडफोन आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर, एवढ्यावर गाणे तयार होते. आमच्या वस्तीतही विहाराच्या मागच्या खोलीत २०१६ पासून असेच चालते. खिडकीला गोधडी लावायची, पंखा बंद करायचा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी होऊन गेली की सुरू करायचे. मी पेशाने कारकून. सूर-तालातले मला फार कळत नाही. पण गायन पार्टीचा हिशेब माझ्याकडे, म्हणून कॉम्प्युटरही माझ्याकडेच आला. आठ वर्षे एकच सॉफ्टवेअर वापरले. हात बसला होता.

२०२४ साली भाच्याने नवा लॅपटॉप घेतला आणि त्यात नवे सॉफ्टवेअर टाकले. म्हणाला, "मामा, ते जुनं आता सोडा. नव्यात सगळं सोपं आहे."

पहिल्याच रविवारी सोपेपणाची प्रचिती आली. गायक मंडळी सहाला जमली. त्या दिवशी आमच्या मुख्य गायकाचा आवाज असा काही लागला होता की कोरसवाले आपले तोंड उघडायला विसरले. गाणे संपले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागे नेऊन वाजवायला गेलो, तर काहीच नाही! रेकॉर्डचे बटण दाबले होते, पण त्याआधी तो ट्रॅक 'आर्म' करावा लागतो, म्हणजे या ट्रॅकवर घ्यायचे आहे असे सॉफ्टवेअरला सांगावे लागते. ते राहून गेले होते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नवा ट्रॅक उघडला की ते आपोआप होत असे. मी म्हणालो, "दादा, एकदा पुन्हा गा." ते म्हणाले, "गातो, पण आता तसं यायचं नाही." आणि खरेच आले नाही.

त्या रात्री मला माझी लाज वाटली. वाटले, वय झाले, आता आपल्याला जमायचे नाही. पण नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की हा केवळ बुद्धीचा प्रश्न नाही. या सॉफ्टवेअरवाल्यांनी एकमेकांत काही ठरवलेलेच नाही. साधे 'एस' हे बटण घ्या. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये ते दाबले की निवडलेल्या रेकॉर्डिंगचे रेघेपाशी दोन तुकडे होतात. क्यूबेसमध्ये तेच दाबले की निवडलेला ट्रॅक एकटा वाजू लागतो आणि बाकीचे गप्प होतात. रेकॉर्ड केलेल्या त्या तुकड्याचे नावही प्रत्येकाचे निराळे. लॉजिकमध्ये तो रीजन, क्यूबेसमध्ये इव्हेंट, प्रो टूल्समध्ये क्लिप आणि रीपरमध्ये आयटम! वस्तू एक, नावे चार. मदतीच्या पानावर काय शोधायचे हेच नवख्याला कळत नाही.

आम्हा कारकुनांना हा अनुभव नवा नाही. युनिकोड रुळण्याआधी कार्यालयात प्रत्येक टेबलावर मराठीचा वेगळा फाँट असे. एका कॉम्प्युटरवर टाइप केलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की अक्षरांचे कडबोळे. कळफलकही निराळे, त्यामुळे टेबल बदलले की बोटे पुन्हा बालवाडीत. तरीही आम्ही शिकलोच. तेव्हा हाताचा त्रास हा खरा त्रास असला तरी महिना-दोन महिन्यांत तो सरतो. मोठ्या नुकसानीची जागा वेगळीच आहे, आणि ती मला माझ्या आत्याने दाखवली.

माझी आत्या उत्तम गात असे. जात्यावरच्या चालींवर स्वतःची कडवी रचून गाई. २०१७ ते २०१९ या काळात आम्ही तिची अकरा गाणी त्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केली. २०२२ मध्ये ती गेली. यंदा तिची नात माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, आजीचं गाणं मी गाणार आहे. मला कोरस नको, फक्त आजीचा आवाज काढून द्या. पहिलं कडवं ती, दुसरं मी."

मी म्हटले, त्यात काय! पण जुन्या सॉफ्टवेअरची फाईल नव्यात उघडेना. नव्याने ती ओळखलीच नाही. तयार गाण्याची एमपी३ आमच्याकडे होती, पण त्यात आत्या, कोरस, पेटी आणि ढोलकी सगळे एकजीव झालेले. तयार गाण्यातून आवाज आणि वाद्ये वेगळी करणारी साधने हल्ली निघाली आहेत. भाच्याने तेही करून पाहिले. ढोलकी बाजूला झाली, पण आत्या आणि कोरस एकमेकांना सोडेनात.

मग माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. तो सुरू व्हायचा, पण वीस मिनिटांत तापून बंद पडायचा. पंखा बदलून घेतला. जुने सॉफ्टवेअर उघडले. आठ गाणी सरळ उघडली. उरलेल्या तिघांवर एकच निरोप आला की आवाजाची फाईल सापडत नाही.

ही चूक माझी होती, आणि ती लिहिताना आजही हात अडखळतो. या सॉफ्टवेअरमध्ये आपण जी 'प्रोजेक्ट' फाईल जपून ठेवतो, तिच्यात बहुधा आवाज नसतोच. कुठला तुकडा कुठे लावायचा, किती मोठा करायचा, कुठे कापायचा, एवढ्या सूचनाच तिच्यात असतात. खरा आवाज बाजूच्या फोल्डरमध्ये वेव्ह फाईलच्या रूपाने पडलेला असतो. २०२० मध्ये जागा कमी पडली म्हणून मी तीन गाण्यांच्या छोट्या प्रोजेक्ट फाईल पेनड्राईव्हवर घेतल्या आणि ती जड फोल्डरे पुसून टाकली. वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने आवक-जावक रजिस्टर कपाटात ठेवले आणि फायली रद्दीत घातल्या! ती तीन गाणी आता फक्त एमपी३ मध्ये आहेत. त्यातून आत्या एकटी कधीच बाहेर येणार नाही.

असे आपल्यावरच येते असे समजू नका. लॉजिक हे सॉफ्टवेअर पूर्वी विंडोजवरही चालत असे. २००२ मध्ये ॲपलने ते बनवणारी जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद केली. ज्यांचे सारे काम त्यात होते त्यांना नवा कॉम्प्युटर किंवा नवे सॉफ्टवेअर, दोन्हीपैकी एक निवडावे लागले. २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचे सोनार थांबवले. पुढे २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेऊन फुकट उपलब्ध केले म्हणून लोकांची कामे तगली. तेव्हा सॉफ्टवेअर आपण बदलले नाही तरी एक दिवस ते आपल्याला बदलावे लागते, हे धरूनच चालावे.

यातून वाट आहे का? आहे, अर्धी. १९८३ पासून मिडी नावाची एक सामाईक भाषा आहे. कुठली पट्टी केव्हा आणि किती जोरात दाबली हे ती सांगते, पण प्रत्यक्ष आवाज तिच्यात नसतो. १९९१ मध्ये आलेली वेव्ह फाईल मात्र आजचे बहुतेक सारे सॉफ्टवेअर वाचते. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रिसोनस यांनी डॉप्रोजेक्ट नावाची खुली फाईल काढली. तिच्यातून ट्रॅक, कापलेले तुकडे आणि आवाजाची पातळी इकडून तिकडे जाते. २०२४ च्या क्यूबेस १४ नेही ती स्वीकारली. पण सगळेच तिला ओळखत नाहीत. शिवाय पेटीचा किंवा घुमाऱ्याचा जो जादा तुकडा, म्हणजे प्लगइन, तुम्ही वापरला असेल तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसेल तर तो आवाज येत नाही. आमचे पेटीचे प्लगइन ३२ बिटचे निघाले. नव्या ६४ बिटच्या सॉफ्टवेअरने त्याला दारातच उभे केले.

म्हणून जुने सॉफ्टवेअर चालू आहे तोवर काय करावे, ते सांगतो. प्रत्येक ट्रॅक वेगळा, आणि गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटापर्यंत, वेव्हमध्ये काढून ठेवावा. आवाज दुसऱ्या मिनिटाला सुरू होत असला तरी फाईल शून्यापासूनच हवी. मग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाईल एका रेषेत लावल्या की गाणे जुळते. बी.कॉम.च्या भाषेत ही शिल्लक पुढे ओढणे झाले. खात्याची बाकी नव्या वहीत येते, जुनी व्हाउचरे येत नाहीत. म्हणूनच मूळ वेव्हचे फोल्डरही तसेच्या तसे ठेवावे. ती व्हाउचरे आहेत.

जागेची भीती नको. ४८,००० च्या दराने, २४ बिटमध्ये, एकेरी आवाजाला मिनिटाला ९ एमबीच्या आत जागा लागते. पाच मिनिटांच्या गाण्याचे नऊ ट्रॅक म्हणजे सुमारे ३९० एमबी. आत्याची अकराही गाणी साडेचार जीबीत बसली असती. मी ज्यासाठी ती पुसली ती जागा आज एका लहानशा पेनड्राईव्हवर मावते.

त्या फोल्डरमध्ये एक कागद, म्हणजे साधी मजकुराची फाईल, असावी. तिच्यात गाण्याची लय मिनिटाला किती ठोके, रेकॉर्डिंगचा दर ४४,१०० की ४८,०००, कोण गायले, कोणी वाजवले आणि तारीख लिहावी. दराची गल्लत झाली आणि ४८,००० ची फाईल ४४,१०० ने वाजली, तर गाणे मंदावते आणि आवाज जवळजवळ दीड पट्टी खाली उतरतो. आणि मूळ एकेरी ट्रॅक घेऊन जुने आकडे नव्यात तसेच भरले तरी गाणे वेगळे वाजू शकते. मधोमध ठेवलेला आवाज काही सॉफ्टवेअर ३ डेसिबलने कमी करते, काही करत नाही. तेव्हा आकडे नकलू नयेत, जुनी एमपी३ शेजारी वाजवून कानाने जुळवावे.

आणि शेवटचे. जयंतीच्या आठवड्यात सॉफ्टवेअर बदलू नये. एखादे लहान गाणे नव्यात पूर्ण करावे, रोज लागणाऱ्या दहा-बारा बटणांचा तक्ता भिंतीवर चिकटवावा आणि मगच गायकांना बोलवावे. आपण बटण शोधत असताना समोरच्याचा गळा थंड होत असतो.

आता आत्याचे सांगून थांबतो. जी आठ गाणी मिळाली त्यांच्या मूळ वेव्ह आम्ही एकेक करून ऐकल्या. गाणे तयार करताना पुढचा-मागचा भाग आपण कापतो, पण तो फक्त पडद्यावर कापला जातो. मूळ फाईलमध्ये सगळे तसेच असते. नातीला हवे होते ते गाणे लावले. सुरुवातीला शांतता. मग खोकल्याचा आवाज. मग आत्या म्हणाली, "सुरू झालं का रे? लाल दिवा लागला का?" आणि तिकडून माझाच आवाज आला, "लागला, आत्या. म्हण."

नात काही बोलली नाही. तिने ते पुन्हा लावले. माझा भाचा हेडफोन काढून बाहेर जाऊन उभा राहिला.

वाचकहो, तुमच्याही वस्तीत, तुमच्याही घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी रेकॉर्डिंग करत असेल. आज जेवताना त्यांना एवढेच विचारा, "बाळा, आपल्या माणसांचे आवाज कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कुठे आहे?" उत्तर लगेच आले नाही, तर जेवण झाल्यावर दोघे मिळून शोधायला बसा.