दोन ओव्हन, एक शेगडी आणि भिंतीतील तार



तारापूरच्या अणुविद्युत केंद्रातून १९६९ सालापासून वीज निर्माण होत आहे. परंतु पालघर-बोईसरमधील आपापल्या स्वयंपाकघरात ती सुरक्षितपणे वापरणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. नव्या घरात बांधीव विद्युत शेगडी व ओव्हन बसवताना फरशी, कपाटे आणि रंग यांवर घरोघरी चर्चा होते. भिंतीतील तारेची चौकशी मात्र क्वचितच होते.

व्यापारी कुटुंबाला हिशेब शिकवावा लागत नाही. तोच येथे मांडू. ३,००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर १३ अँपिअर प्रवाह घेतो, तर ७,००० वॅटची इंडक्शन शेगडी सुमारे ३० अँपिअर. दोन ओव्हन व शेगडी एकत्र चालल्यास बेरीज ५६ अँपिअरच्या पुढे जाते. सर्व उपकरणे एकदम चालत नाहीत, असे गृहीत धरून वायरिंगचा भार कमी धरला जातो. आपल्याकडे मात्र भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपायचे असते. चातुर्मासात तर विशेषच. म्हणून हिशेब सायंकाळच्या त्या एका तासाचाच धरावा.

प्रत्येक ओव्हनला वितरणपेटीपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व स्वतंत्र एमसीबी असावा. शेगडीला किमान ६ चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असल्यास १० चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. शेगडी प्लगवर चालवू नये. तिची जोडणी कायमची असावी आणि तिचे दोन ध्रुवी स्विच शेगडीच्या वर नव्हे, बाजूला हाताशी असावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी व उत्तम अर्थिंग अनिवार्य समजावे.

सैल जोड हा छुपा शत्रू होय. तो तापत राहतो, पण प्रवाह वाढत नसल्याने एमसीबी पडत नाही. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, दमट हवेत स्क्रू गंजतात. म्हणून पावसाळ्यानंतर ते तपासून घ्यावेत. एमसीबी वारंवार पडत असेल, तर त्याजागी मोठा बसवणे म्हणजे राखणदाराला झोपवणे होय.

फरशी बसण्यापूर्वीच महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा, आवश्यक तर तीन फेजची जोडणी मागावी. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवावे आणि त्याचा चाचणी अहवाल घराच्या दस्तऐवजांसोबत जपून ठेवावा.